लाकडावर मीटर चालत नाही

वाळूजच्या पेंट शॉपमध्ये अकरा वर्षं माझ्या खिशात डीएफटी मीटर असायचं. साबणाच्या वडीएवढं यंत्र. रंगवलेल्या पत्र्यावर टेकवलं की पडद्यावर आकडा यायचा, रंगाचा थर किती मायक्रॉन ते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रायमर, बेस आणि क्लिअर मिळून शंभराच्या आसपास आकडा आला की माल पुढे, नाही आला की बाजूला. वाद नाही, मत नाही, आकडा.

नोकरी सुटल्यावर माझ्याकडे पहिली गिटार रंगवायला आली, तेव्हा सवयीनं मी ते मीटर तिच्यावर टेकवलं. पडदा कोराच राहिला. कारण मला माहीत होतं. ते मीटर रंग मोजतच नाही, रंगाच्या वरून खालच्या धातूपर्यंतचं अंतर मोजतं. खाली धातूच नसेल तर ते काय सांगणार? कारण माहीत असूनही मी दोन-तीनदा टेकवून पाहिलं. आता किती रंग पुरे, हे सांगणारं कुणी नव्हतं.

1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणारे छोटे-मोठे कारखाने उभे राहिले. आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांनी आयटीआय करून तिथंच हात बसवला. मी अशाच एका कारखान्यात होतो. फॉस्फेटच्या टाकीतून पत्रा निघायचा, प्रायमर व्हायचा, बेस व्हायचा, क्लिअर व्हायचा आणि मग 140 अंशांच्या भट्टीतून अर्ध्या तासात आरशासारखा बाहेर यायचा. गन किती अंतरावर धरायची, मनगट न वळवता हात कसा सरळ न्यायचा, आधीच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा कसा चढवायचा, थर जाड झाला की ओघळ कसा सुटतो आणि पातळ झाला की संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग कसा येतो, हे सगळं तिथं शिकलो. त्या शिक्षणावर मी आजही जगतो.

मोटारीचा रंग आणि गिटारचा रंग यांचं नातं माझ्यापुरतं नाही, हे पुढे वाचून कळलं. 1920 च्या दशकात अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीनं मोटारींसाठी ‘ड्युको’ नावाचं नायट्रोसेल्युलोज लॅकर आणलं. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागायचे, ते काम दिवसांवर आलं. वाद्य बनवणाऱ्यांनी तेच लॅकर उचललं. पुढे फेंडर कंपनीच्या गिटारींवर जे झगझगीत रंग आले, ते मोटारींच्या रंगपत्रकांतलेच होते. त्यांचा ‘फिएस्टा रेड’ हा 1956 च्या फोर्ड थंडरबर्ड गाडीचा रंग. म्हणजे पत्र्याकडून लाकडाकडे मी एकटाच आलेलो नाही.

माझी खरी शाळा सुरू झाली ती एका फसलेल्या कामापासून. छावणीतल्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या गायनमंडळात वाजवणारे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. त्यांची गिटार तीस वर्षांची. पुढची फळी स्प्रूसची, पाठ आणि कडा शिसवाच्या. जुनं पॉलिश जागोजागी उडालेलं, हाताच्या घामानं कड काळी पडलेली. “नाताळच्या आधी होईल का, भाऊ?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “नवीकोरी करून देतो, मास्तर.”

आणि मी ती गाडीच्या पेट्रोल टाकीसारखी रंगवली. दोन घटकांचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, क्लिअर मारलं. शिसवाच्या रंध्रांत क्लिअर बसला की वर खड्डे दिसायचे, ते भरायला आणखी एक हात मारायचा. घासायचा, पुन्हा एक हात. पेपर 400 वरून 600, 1000, 1500, 2000 असा नेला आणि शेवटी बफ मारला. ट्यूबलाइट तिच्यात सरळ रेषेसारखी दिसायला लागली. पेंट शॉपमध्ये ही शेवटची परीक्षा असते. मी त्या परीक्षेत पास झालो होतो.

नाताळनंतर मास्तर आले. तक्रार करायला आले नव्हते, पण मी विचारल्यावर खोटंही बोलले नाहीत. म्हणाले, “भाऊ, रूप आलं, पण घसा बसलाय तिचा.” मग त्यांनी वाजवून दाखवली. मला संगीतातलं फार कळत नव्हतं. तरी तार छेडल्यावर आवाज लवकर विझतो, हे मलाही ऐकू आलं. आधी तो रेंगाळायचा. कुणाचा दोष काढायला जागाच नव्हती. हात माझा होता आणि क्लिअर मी निवडला होता.

त्यामागची गोष्ट साधी आहे. गिटारची पुढची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते, कधी अडीच. तार स्वतः हवेला फारशी हलवू शकत नाही. ती घोडीमार्फत फळीला हलवते आणि फळी हवेला. त्या पातळ फळीवर प्लास्टिकसारखा जाड थर बसला की तिचं वजन वाढतं आणि कंपन थरातच जिरायला लागतं. टाकीला आवाज नसतो, म्हणून पेंट शॉपमध्ये हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात मी एसटीनं मिरजेला गेलो. सतारीचं आणि तंबोऱ्याचं काम जिथं पिढ्यान्‌पिढ्या चालतं, तिथं लाकडावर काय लावतात ते बघायचं होतं. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथं वाद्यं बनवायला सुरुवात केली. तलवारींचे दिवस सरले होते आणि हातात कसब होतं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी गेलो तेव्हा ते मिळालेलं नव्हतं, पण गल्लीत शिरलं की दुकानादुकानांतून येणारा स्पिरिटचा आणि लाखेचा वास तेव्हाही तोच होता.

एका कारखान्यातल्या म्हाताऱ्या चाचांनी मला आठ दिवस शेजारी बसू दिलं. ना गन, ना कॉम्प्रेसर. एका बाटलीत चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये विरघळवलेला. हातात मलमलीत कापूस गुंडाळून केलेली गादी. ती पॉलिशमध्ये भिजवून, पिळून, तेलाचा एक थेंब लावून लाकडावर गोल गोल फिरवायची. पहिल्या दिवशी मी गादी मध्येच थांबवली आणि ती चिकटली. खालचा थर उपटून आला. चाचा म्हणाले, “आधी हात हलता पायजे, मग टेकवायचा. उचलताना बी हलताच उचलायचा. थांबला की बिघडलं.” विमान धावपट्टीला टेकतं तसा तो हात टेकायचा आणि तसाच उठायचा. एका वेळी चढणारा थर इतका पातळ की डोळ्यांना दिसायचा नाही. दहा वेळा फिरवल्यावर फक्त एवढं कळायचं की लाकूड ओलं केल्यासारखं खोल दिसायला लागलंय.

मी विचारलं, “किती हात मारायचे, चाचा?” त्यांनी तंबोरा उलटा करून उजेडाकडे धरला. “रंध्रं मिटेपर्यंत. तितं थांबायचं. चमक काय, वाढवू तितकी वाढंल.”

लाख ही आपल्या मातीतली वस्तू. पळस, बोर आणि कुसुमाच्या फांद्यांवर एक बारीक कीटक स्वतःभोवती हे कवच तयार करतो. लाखेचं मोठं पीक झारखंड-छत्तीसगडकडे येतं. तिच्या अभ्यासासाठी 1924 मध्ये रांचीजवळ नामकुमला संस्था निघाली. युरोपात फ्रेंच पॉलिश म्हणून जे नावाजलं गेलं, त्याचा कच्चा माल इथलाच. चपड्यात थोडं मेण असतं. द्रावण दोन-तीन दिवस न हलवता ठेवलं की ते खाली बसतं आणि वरचं निवळ हलकेच ओतून घेता येतं. दुसरी गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो. चपडा भिजवून महिनोन्‌महिने ठेवला की तो वाळेनासा होतो, बोटाला चिकट लागतो. आता मी लागेल तेवढाच भिजवतो आणि बाटलीवर तारीख लिहितो.

परत आल्यावर मी मास्तरांची गिटार मागून घेतली. पीयू काढायचं काम रंगवण्याच्या तिप्पट कष्टाचं. रसायन लावलं तर कडेची पांढरी पट्टी विरघळते, म्हणून धारदार पोलादी पत्तीनं खरवडत गेलो. एके ठिकाणी नखाएवढी अखंड खपली निघाली. ती मायक्रोमीटरमध्ये धरली, तर 320 मायक्रॉन. कारखान्यात शंभरावर थांबणारा मी, मीटर नव्हतं म्हणून तिपटीवर गेलो होतो. सगळं खरवडून झाल्यावर गिटार काट्यावर ठेवली. खरवडण्याआधी ठेवली होती, त्यापेक्षा 170 ग्रॅम कमी भरली.

तेव्हापासून मी प्रत्येक गिटारचं वजन रंगाआधी आणि रंगानंतर घेतो. मिठाईच्या दुकानात असतो तसा, ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे. लाकडावर मीटर चालत नाही, पण काटा चालतो.

आता रंगाकडे येतो. क्लिअर हे शिस्तीचं काम आहे, रंग कालवणं हे नजरेचं. लाकडाला द्यायच्या रंगाच्या दोन जाती. एक चहासारखी, पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळणारी. दुसरी गेरूसारखी, ढवळली तर रंगीत दिसते आणि ठेवली तर तळाशी बसते. गेरू, पिवडी, अंबर यांचे कण लाकडाच्या वर राहतात, रंध्रांत साचतात आणि फार झाले तर रेषा झाकून टाकतात. विरघळणारा रंग लाकडाच्या आत जातो, रेषा तशीच राहते आणि उजेड आतून परतल्यासारखा वाटतो. खुर्चीला पहिली जात चालते की दुसरी, हे सुतारानं ठरवावं. गिटारला मी विरघळणाराच वापरतो.

मात्र हे रंग सगळीकडे सारखे जिरत नाहीत. फळीचा शेवट, जिथं लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, तिथं रंग दुप्पट शोषला जातो आणि काळा पडतो. स्प्रूसवर थेट रंग लावला तर ढगांसारखे डाग पडतात. पाण्यातला रंग लाकडाचे बारीक तंतू उभे करतो, म्हणून आधी नुसत्या पाण्यानं पुसून, वाळवून, हलका पेपर मारून मगच रंग द्यायचा. शिसवाची अडचण उलटी. त्याचा स्वतःचा जांभळा रंग स्पिरिटमध्ये उतरतो आणि कडेच्या पट्टीवर पसरतो. मास्तरांच्या गिटारवर मी हे भोगलं. अर्धा दिवस पट्टी पत्तीनं साफ करत बसलो. आता शिसवावर पहिले दोन थर अगदी कोरड्या गादीनं देतो आणि पट्टीच्या दिशेनं कधीच ओढत नाही.

आमच्या शहरात गुलमंडीजवळ रंगारगल्ली आहे. पैठणी आणि हिमरूचा हा मुलूख, रंग देणाऱ्यांची वस्ती असणारच. सूत रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंकडून मी एक नियम घेतला. ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. सूत ओलं असताना गडद, वाळल्यावर फिकं. लाकडाचं त्याहून अवघड. ओलं असताना सुंदर, वाळल्यावर खडूसारखं मेलेलं, आणि वर क्लिअर गेला की पुन्हा जिवंत. मधल्या मेलेल्या अवस्थेत घाबरून आणखी रंग घातला की काम संपलं. म्हणून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा, त्याच नंबरच्या पेपरानं घासलेला, शेजारी ठेवायचा आणि आधी त्याच्यावर रंग आणि क्लिअर दोन्ही देऊन बघायचं. माझ्या वहीत असे तुकडे चिकटवलेत. शेजारी पिवळ्याचे थेंब किती, लालचे किती, तपकिरीचे किती, स्पिरिट किती मिलिलिटर, हे लिहिलेलं. रंग दुपारी दाराबाहेर बघायचा आणि रात्री दिव्याखाली पुन्हा बघायचा. दोन्ही वेळा पटला तरच तो खरा.

सर्वांत जास्त मागणी सनबर्स्टला. मधोमध मधाचा पिवळा, कडेकडे लालसर तपकिरी आणि अगदी काठावर जवळजवळ काळा. हा रंग गादीनं होत नाही. तिथं मी गन घेतो आणि पातळ लॅकरमध्ये रंग मिसळून फवारतो. आधी सगळीकडे पिवळा. मग काठापासून आत तपकिरी, गन बाहेरच्या बाजूला कललेली, म्हणजे उडणारे कण मध्यावर पडत नाहीत. शेवटी काठाला गडद. लाल मी नेहमी कमी घालतो. लाल आधी ओरडतो आणि आधीच पळून जातो. 1958 ते 1960 मधल्या गिब्सन लेस पॉल गिटारींवरचा लाल उन्हानं उडून गेला, मागे मधाचा पिवळा राहिला, आणि आज संग्राहक त्या उडालेल्या रंगालाच वेड्यासारखी किंमत देतात. तिथं ते भाग्य ठरलं. माझ्या गिऱ्हाइकाचा रंग दोन वर्षांत उडाला तर तो मला शोधत येईल. म्हणून नवा रंग आणला की मी त्याची पट्टी गच्चीवरच्या पत्र्यावर ठेवतो, अर्धी काळ्या कागदानं झाकून. आमच्या वैशाखातलं ऊन महिनाभर खाल्ल्यावर दोन्ही अर्धे सारखे दिसले तर तो रंग कपाटात जातो. हळद आठ दिवसांत उडाली.

हवामान हा या शहरातला माझा खरा मालक आहे. मे महिन्यात पारा 42 वर जातो, हवा कोरडी ठाक. फवारा लाकडावर पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. धूळ तर विचारू नका. आधल्या रात्री जमिनीवर पाणी शिंपडून ठेवतो. पावसाळ्यात उलटं होतं. थिनर झपाट्यानं उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि लॅकर दुधासारखं पांढरं होतं. सावकाश उडणारा थिनर घालून ते टाळता येतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये मी लॅकरचं काम घेतच नाही. घासकाम, जोडकाम करतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते बारा, हे माझे सोन्याचे तास. फवारणी झाल्यावर गिटार तीन-चार आठवडे टांगून ठेवतो. लॅकर वरून वाळलेलं दिसतं, आतून मात्र थिनर निघत असतो आणि थर आकसत असतो. आधी बफ केलं तर महिन्यानं लाकडाच्या रेषा वर उमटतात. भट्टी नाही, सरस वितळेल. म्हणून थर नाकाशी धरायचा. वास येत असेल तोवर हात लावायचा नाही.

हे काम शिकू बघणाऱ्या पोरांना एक सांगतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं एकदा दमा जडला की तो जन्माचा. रुमाल बांधून भागत नाही, रसायनाचा मास्क लागतो. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेटतात. पसरून वाळवा. या दोन गोष्टींत कुणाचंही ऐकू नका, मोठ्या कारागिराचंही नाही.

मास्तरांची गिटार मी पूर्ण चपड्यानं केली. गादीनं, रोज थोडी, साडेतीन आठवडे. घोडीखालची जागा कोरी ठेवली, कारण सरस लाकडाला धरतो, पॉलिशला नाही. शेवटी काट्यावर ठेवली, तर खरवडलेल्या वजनापेक्षा 19 ग्रॅम जास्त. क्षेत्रफळाचा अंदाज धरून हिशोब केला, तर थर तीस-पस्तीस मायक्रॉनचा निघाला. पेंट शॉपमध्ये मी असा माल बाजूला काढला असता. ट्यूबलाइट तिच्यात सरळ दिसत नाही, किंचित थरथरते. नखानं ओरखडा पडतो, घामानं आणि स्पिरिटनं ती खराब होते, हे मी मास्तरांना आधीच सांगितलं. त्यांनी पहिली तार छेडली आणि हात बाजूला घेऊन वाट बघत राहिले. आवाज विझेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही. “आली परत,” ते म्हणाले. गेली सहा वर्षं ती छावणीत वाजते आहे. दर पावसाळ्यानंतर मी तिच्यावरून एकदा गादी फिरवून देतो, पैसे घेत नाही.

चकचकीत पीयू वाईट, असं माझं म्हणणं नाही. रोज प्रवास करणाऱ्या, ढोबळ हातांत फिरणाऱ्या वाद्याला तेच हवं, फक्त पातळ. पण जुनी गिटार नवी दिसावी म्हणून तिच्यावर थर चढवणं मला आता पटत नाही. असं काम आलं की मी आधी नकार देतो आणि मग बोलणं सुरू करतो.

तुमच्या घरी अशी एखादी गिटार असेल, तर तिला पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगू नका आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, घोडी सुटते. फर्निचर चमकवायचे सिलिकॉनचे फवारे तिच्यावर मारू नका. त्यानंतर कुठलाच रंग तिच्यावर नीट बसत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. रंगवायला आणण्याआधी जुनं धुतलेलं सुती कापड घ्या, ओलं करून घट्ट पिळा, हलक्या हातानं पुसा आणि लगेच कोरड्यानं पुसा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गिटारींचं काम तेवढंच असतं.